साळवीमामांचे नारिंगी जावईबापू

कपाटाचं दार उघडण्याआधी त्यावर टकटक करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमच्या कॉलेजच्या केमिस्ट्री स्टोअरचे साळवीमामा.

मी मूळची सांगलीची. लग्नानंतर रत्नागिरीला आले आणि इथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागले. पहिल्याच आठवड्यात प्रॅक्टिकलसाठी सेरिक अमोनियम नायट्रेट हवं होतं, म्हणून स्टोअरच्या दारात जाऊन उभी राहिले. आत एक सडपातळ, पन्नाशीतला माणूस स्टुलावर बसला होता. काय हवंय ते ऐकल्यावर तो एकदम उभा राहिला. त्याने खिशातला रुमाल काढून टेबलावर ठेवला. मग कंगवा काढला. एसटीचं तिकीट काढलं. चामडी पट्ट्याचं घड्याळ काढलं. हा माणूस आता आंघोळीला निघतो की काय, असं मला वाटलं. पण त्याने हातमोजे घातले, चष्म्यावर दुसरा मोठा चष्मा चढवला आणि कोपऱ्यातल्या एका छोट्या लोखंडी कपाटावर दोनदा टकटक केली.

"आत कोण आहे?" मी विचारलं.

"जावईबापू," मामा म्हणाले.

कपाटात एकच बाटली होती. खाली चिनी मातीची बशी, बशीखाली कडाप्प्याची फळी, आणि बाटलीत पिकल्या संत्र्याच्या रंगाचे बारीक खडे.

"यांना वेगळी खोली लागते," मामांनी मला समजावलं. "लाकडाच्या फळीवर बसत नायत. कागदावर वाढलेलं चालत नाय. स्पिरिट, ॲसिटोन यांच्याशी उभं वैर. ओल लागली की बिघडतात. आणि कधी रुसतील ते सांगता यायचं नाय. मग जावईच ना, मॅडम?"

मी एम.एस्सी. होते, तेही पहिल्या वर्गात. मला हसू आलं. टकटक कशाला, असं जरा खवचटपणेच विचारलं. मामा शांतपणे म्हणाले, "इथली हवा खारी. बिजागऱ्या धरतात. एकदम ओढलं तर हिसका बसतो आणि बाटली हलते. आधी ठोकलं की दार सुटतं." कारण अगदी शास्त्रशुद्ध होतं. तरीही बिजागऱ्या सोन्याच्या असत्या तरी मामांनी टकटक केलीच असती, हे मला पुढे कळलं.

वाचकांपैकी ज्यांनी दहावीनंतर रसायनशास्त्राला रामराम ठोकला असेल त्यांच्यासाठी सांगते. हा पदार्थ म्हणजे ऑक्सिडायझर. तो स्वतः पेट घेत नाही. पण कागद, लाकूड, भुसा, कापूस असल्या जळाऊ वस्तूंत मिसळला तर त्यांना पेटायला मदत करतो, आणि मग आग आटोक्यात येणं कठीण होतं. डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. आम्ही तो चमचाभर वापरतो, पातळ द्रावण करून. त्याचे थेंब अल्कोहोलमध्ये टाकले की पिवळ्याचा लालभडक रंग होतो आणि पोरं वहीत 'अल्कोहोल आहे' असं लिहून मोकळी होतात.

मामांचं आवडतं वाक्य होतं, "हा स्वतः जळत नाय, शेजारच्याला जळायला मदत करतो." दिवसातून निदान तीनदा ते कानावर पडायचं, आणि दर वेळी बाटलीबद्दलच असायचं असं नाही. आमच्या विभागात एक सर होते. इकडचं तिकडे सांगून दोन माणसांत लावून द्यायची आणि स्वतः चहा पीत बसायचं, ही त्यांची कला. ते लॅबमध्ये आले की मामा माझ्याकडे बघून हळूच म्हणत, "आले ऑक्सिडायझर." प्राचार्यांबद्दल त्यांचं मत होतं की ते "हवेतली ओल ओढतात", म्हणजे कुणीही काहीही सांगितलं की त्यांना लगेच पाझर फुटतो.

एकदा निरोप समारंभाच्या खुर्च्या मांडायचं काम मामांकडे आलं. कार्यक्रमभर कुणाचं कुणाशी वाजलं नाही, याचं सगळ्यांना नवल वाटलं. नंतर मी मांडणी नीट आठवून पाहिली. मामांनी सगळा स्टाफ स्टोअरमधल्या बाटल्यांच्या नियमाने बसवला होता. ज्यांचं एकमेकांशी पटत नाही त्यांच्यामध्ये एकेक निरुपद्रवी माणूस. माझी खुर्ची ऑक्सिडायझर सर आणि लायब्रेरियनबाईंच्या मध्ये होती. निरुपद्रवी ठरल्याचा मला दोन दिवस राग होता.

पण मी टिंगल करता करता कधी गप्प झाले, ते माझं मलाच कळलं नाही. त्यांचं काम बघत राहावं असं होतं. खडे मोजायचे तर काचेच्या चकतीवर, कागद जवळपाससुद्धा नको. चमचा धुतलेला, पूर्ण वाळवलेला, फक्त याच बाटलीसाठी राखलेला. बाटली एका हाताने कधीच उचलायची नाही. एक हात मानेला, एक तळाला. आणि जास्त निघालेला एक खडासुद्धा परत बाटलीत टाकायचा नाही. एका पोरीने एकदा उरलेले खडे काटकसर म्हणून परत टाकायला हात पुढे केला, तेव्हा मामा जे ओरडले ते खालच्या मजल्यावर इतिहासाच्या तासाला ऐकू गेलं. एरवी ते माझ्याशी पुस्तकी मराठी बोलायची धडपड करत. चिडले की त्यांच्या गावाकडचं सगळं संगमेश्वर बाहेर यायचं. "काय करतंस काय? चमच्याला काय लागलंय ता तुला ठाव हाय? आत कचरा गेला तर उद्या कोनाचा डोळा जाईल!" पोरगी रडकुंडीला आली. पाच मिनिटांनी मामांनीच तिला पाणी आणून दिलं आणि द्रावणाचे थेंब टाकायला बोलावलं. परीक्षानळीत लाल रंग उमटला तेव्हा ती हसली. तिच्यामागे उभे असलेले मामाही हसले. इतक्या वर्षांत हजारदा पाहिलेला तो रंग ते दर वेळी नव्यानेच पाहत.

जावईबापूंच्या नावातला सेरियम हा 'रेअर अर्थ' घराण्यातला, म्हणजे पुस्तकी भाषेत दुर्मिळ मृदा, हे कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. ते ऐकल्यापासून रविवारी मामा लोहचुंबक घेऊन काळ्या समुद्रावर, म्हणजे मांडवीच्या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर, जाऊ लागले. त्या वाळूत चुंबक फिरवून चिकटलेले कण सोमवारी मला दाखवत. "हे यांच्या भावकीतले का?" मी सांगितलं की आपल्या वाळूत लोखंडाचं आणि टायटॅनियमचं खनिज असतं, सेरियमवाली वाळू दक्षिणेकडच्या किनाऱ्यांवर सापडते. मामांनी मान डोलावली. "लांबची भावकी," असं म्हणून त्यांनी कण पुडीत बांधले.

मग मी जरा जास्तच शहाणपणा केला. म्हटलं, "मामा, सेरियम तसं दुर्मिळ नाही हं. जमिनीत जवळजवळ तांब्याइतकंच आहे. वेगळं करायला कठीण, म्हणून ते नाव पडलं." मामांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेटमधून आत येते तोवर ते समोर हजर. "मॅडम, मी रातभर विचार केला. आपल्या स्टोअरात एकच बाटली हाय. म्हणजे आपल्यापुरता तो दुर्मिळच."

या सगळ्या सोवळ्यामागे काय आहे, ते त्यांनी एकदाच सांगितलं. परीक्षेची धामधूम संपली होती आणि आम्ही दोघं नळ्या मोजत होतो. "तीस वर्षं झाली, मॅडम. माझ्या लॅबमधून एकबी पोर जखमी होऊन घरी गेलं नाय. मी रिटायर होईपर्यंत तसंच जावं, एवढंच." निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी शिमग्यालासुद्धा धड रजा घेतली नव्हती. कोकणातला माणूस शिमग्याला गावी जात नाही, हे मला सांगलीकरणीलाही विचित्र वाटायचं. मुंबईचे चाकरमानी नोकरी टांगणीला लावून येतात, आणि हे चाळीस किलोमीटरवरून जात नाहीत! गेलेच तर गावदेवीची पालखी घरी येते तेवढ्यापुरते जाऊन संध्याकाळच्या एसटीने परत.

त्या वर्षी मीच त्यांच्या मागे लागले. विभागाची जबाबदारी नुकतीच माझ्याकडे आली होती आणि अधिकार गाजवायची हौस होती. "पाच दिवस जा. मी आहे ना." ते तयार होईनात. शेवटी मी त्यांचा रजेचा अर्ज स्वतः लिहिला आणि फक्त सही घेतली. जाताना त्यांनी मला चार पानी सूचना दिल्या. पहिलीच सूचना होती, 'स्टोअरला हात लावू नये.'

तिसऱ्या दिवशी प्राचार्यांना पाझर फुटला. कंत्राटदाराने त्यांना सांगितलं की रंगारी उद्याच मोकळे आहेत, नंतर महिनाभर नाहीत. त्यामुळे जुनं स्टोअर आजच रिकामं करून सगळं सामान मैदानापलीकडच्या नव्या इमारतीत हलवायचं. मी "मामा येऊ देत" असं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "होऊन जाईल, सर."

आता रत्नागिरीत नाजूक वस्तू हलवायची म्हणजे काय करतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आंब्याची लाकडी पेटी घ्यायची, तळाला भाताचा पेंढा, वस्तू ठेवली की वर पेंढा. कपबशा, देव, टीव्ही, सगळं असंच जातं. आमच्या शिपायाची आंब्याची बाग होती. त्याने तासाभरात पंचवीस रिकाम्या पेट्या आणि भाराभर पेंढा आणला. एकाही बाटलीला धक्का लागू नये म्हणून मी जातीने उभी राहिले. जावईबापूंची बाटली तर मी स्वतःच्या हाताने, एक हात मानेला, एक तळाला, अशी उचलली आणि मऊ मऊ पेंढ्याच्या गादीवर निजवली. वरून आणखी पेंढा घातला. मामांनी पाहिलं असतं तर शाबासकी दिली असती, असंही मनात आलं.

आदल्याच आठवड्यात मी वर्गात शिकवलं होतं की ऑक्सिडायझर लाकूड आणि गवतापासून दूर ठेवावा. प्रश्नपत्रिकेतही मी तो प्रश्न घातला होता.

पेट्या नव्या इमारतीच्या व्हरांड्यात एकावर एक रचल्या. शेजारी, नव्या इमारतीचं उरलेलं काम उरकणाऱ्या रंगाऱ्यांचे थिनरचे डबे होते. दुपारचं ऊन सरळ व्हरांड्यात येत होतं. आत दोन वर्गांत पोरं बसली होती. मी घाम पुसत खुर्चीवर टेकले, तेवढ्यात मैदानातून पिशवी घेतलेली एक आकृती येताना दिसली. साळवीमामा. यायचे होते परवा.

ते व्हरांड्यापासून दहा पावलांवर थांबले. पेटीच्या दोन फळ्यांमधल्या फटीकडे बघत राहिले. मीही बघितलं. पिवळ्या पेंढ्यात नारिंगी खडे चमकत होते. पेटी ठेवताना दणका बसून बाटली फुटली असावी.

मामा ओरडतील म्हणून मी अंग चोरलं. मामा ओरडले नाहीत. उरलेले खडे परत टाकू पाहणाऱ्या पोरीवर सगळं संगमेश्वर ओतणारा तो माणूस अगदी हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, पोरांना मागच्या दाराने मैदानात न्या. पळवू नका. चालत न्या."

मी पोरांना बाहेर काढून परत आले, तोवर रुमाल, कंगवा, घड्याळ सगळं पायरीवर ठेवलेलं होतं. मामांनी रंगाऱ्यांकडून थिनरचे डबे लांब कातळावर नेऊन ठेववले आणि त्यांनाही तिकडेच बसवलं. हातमोजे, मोठा चष्मा चढवला. बाकीच्या पेट्या एकेक करून उचलल्या. ओढली एकही नाही, कारण घासणं त्यांना नको होतं. मग प्लास्टिकच्या मगाने त्या पेटीवर पाणी सोडायला सुरुवात केली. झाडांना घालावं तसं, सावकाश, कडेकडेने. पेंढा पार भिजून चिंब होईपर्यंत त्यांनी काठीसुद्धा आत घातली नाही. मी फडकं घेऊन पुढे झाले तर नुसता हात वर केला. फडकंही जळाऊच, हे मला तेव्हा आठवलं. शेवटी काचेचे तुकडे चिमट्याने वेचले, ओला पेंढा आणि पेटीच्या फळ्या पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या टबांत बुडवल्या, टबांवर चिठ्ठी लावली आणि ते टाकाऊ रसायनांच्या बाजूला, सावलीत, एकटे ठेवले. फरशी तीनदा धुतली. या सगळ्याला दोन तास लागले. दोन तासांत त्यांचा हात एकदाही घाईने हलला नाही. मी देवळात इतकी स्तब्ध कधी उभी राहिले नव्हते.

तळाच्या चार काड्या काळपट झालेल्या होत्या. कदाचित काहीच झालं नसतं. कदाचित अर्ध्या तासाने वीसेक पोरांसकट तो व्हरांडा पेटला असता. मला आजही सांगता येत नाही.

नळावर हात धूत असताना मी त्यांच्याजवळ गेले. "मामा, चुकले. तुमची तीस वर्षं मी एका पेटीत घातली होती."

"पोरं घरी गेली ना नीट? मग झालं." ते साबण चोळत राहिले. "तुमी पण इथल्याच झालाव म्हणायचं. पेंढ्याशिवाय सुचलं नाय तुमाला."

मी हसले आणि रडलेही. मग विचारलं, "पण तुम्ही आज कसे? परवा येणार होता ना?"

मामांनी नळ बंद केला. हात झटकले. "पालखी काल येऊन गेली घरी. देवीची ओटी भरायला बाईमाणूस लागतं, मॅडम. आमची गेली त्याला अकरा वर्षं झाली. मूलबाळ नाय. शेजारची वहिनी आली, भरून गेली. तिला पण तिचं घर हाय. पालखी गेली, ढोल गेले, आणि अंगणात मी एकटा. चार दिवस काय करायचं तिथे? म्हणून दर वर्षी पळून येतो. लोकांना वाटतं, कामाचा माणूस."

आणि मी त्यांना शिमग्याला जा, जा म्हणून टोचत होते. मला स्वतःची लाज वाटली.

पुढचा शिमगा त्यांच्या निवृत्तीच्या दोन महिने आधी आला. मी नवऱ्याला सांगितलं आणि खण, नारळ, तांदूळ घेऊन मामांबरोबर एसटीत बसले. त्यांनी तीनदा "कशाला, मॅडम" म्हटलं आणि तीनदा माझी पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली.

त्यांचं घर दोन खोल्यांचं, अंगण शेणाने सारवलेलं. सारवण त्यांनी आदल्या रविवारी येऊन स्वतः केलं होतं. दुपारी ढोल जवळ आले, पालखी अंगणात टेकली आणि मी देवीची ओटी भरली. मामा खांबाला धरून उभे होते, डोळे पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

मग गाऱ्हाण्याची वेळ आली. इकडे घरोघरी गावचा मानकरी देवीपुढे उभा राहतो, घरच्यांचं मागणं मोठ्याने सांगतो आणि जमलेली माणसं होकार भरतात. शेजारच्या घरी मुंबईतल्या मुलाला खोली मागितली होती, त्याच्या आधीच्या घरी सुनेला मूल. मामा मानकऱ्याच्या कानाशी वाकले आणि बराच वेळ कुजबुजले. म्हातारा मानकरी गोंधळला. "आसं सांगू?" त्याने विचारलं. मामांनी मान हलवली.

म्हाताऱ्याने नारळ हातात घेतला आणि आवाज लावला. "हे आई म्हाराजा! ह्यो तुजा लेकरू शिवराम साळवी, ह्याला सवताचं पोर नाय. पन रत्नागिरीच्या कालिजात जी पोरं शिकतात, ती ह्यानं आपली मानलीत. आता ह्यो घरी बसनार. ह्याच्या माघारी त्या पोरांच्या डोळ्यांची, बोटांची, तूच राखन कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अंगण गरजलं.

"आनि ही जी सांगलीची लेक आज तुजी ओटी भरायला आली, ती तिथं ऱ्हानार हाय. तिच्या हाताला यश दे, म्हाराजा!"

आम्ही घाटावरची माणसं देवाकडे असं ओरडून काही मागत नाही. पण मीही "व्हय म्हाराजा!" ओरडले, घसा फाटेपर्यंत. मग ढोल वाजू लागले आणि मामा पालखीला खांदा द्यायला पुढे गेले.